तिचा पाय रुतला नाही

तालुक्याच्या कचेरीत एक कागद आहे. त्यावर गावाचे अंगठे आहेत आणि सही एकच आहे. ती सही माझी. त्या कागदावर लिहिलंय ते खोटं आहे, आणि खोटं आहे असं सांगायला आता मीच तेवढा उरलोय. म्हणून लिहायला बसलो. मी मराठी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस आहे. जे लिहीन ते माझं मी लिहीन, कोणाकडून सुधारून घेणार नाही.

आमचं गाव उरणच्या बाजूचं, मिठागरांचं. पाऊस संपला की मिठागराच्या वाफ्यांत गाळ बसलेला असतो. तो काढायचा, तळ ओला करायचा आणि पायांनी तुडवून तुडवून ताटासारखा गुळगुळीत करायचा. तळ कच्चा राहिला तर मिठाला चिखल लागतो, मीठ काळं पडतं. आधी बाप्ये तुडवतात. पण शेवटचा हात, म्हणजे पाय, हलका लागतो. बाप्याची टाच पडली की खळगा होतो. म्हणून शेवटचं तुडवणं पोरांचं. आम्ही पोरं हातात हात धरून ओळीनं तुडवायचो, एकमेकांना चिखलात पाडायचो, आई बांधावरून ओरडायची. आपल्या आगरात, आपल्या आईसमोर. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही, मला आजही वाटत नाही.

ह्याच वाटेनं मुकादम आमच्यात शिरला.

तो खाडीपलीकडचा. बोलायला गोड, काखेत कायम छत्री. दसऱ्याच्या आधी त्याचं गलबत बंदराला लागे. उत्तरेला कुठं मोठी मिठागरं होती, वारा असला तरी दीड दिवसाची वाट. तिथं आमच्या आगरासारखे शंभर वाफे एका बांधावरून दिसतात म्हणे. तिथं तुडवायला तो आमच्याकडच्या चार गावांची पोरं न्यायचा आणि आगोटीला, म्हणजे पाऊस लागायच्या आत, परत आणायचा. घराला एक पोतं तांदूळ आणि आईला लुगडं. पण भुकेपायी पोरं धाडली असं मी म्हणणार नाही. मागाहून सगळे तसंच म्हणाले. आमच्या घरात भात होतं. धाडली, कारण सगळे धाडत होते.

तरी मनात कुठंतरी लाज असणारच. कारण पोर कुठं गेलं असं कोणी विचारलं की सांगायचं, मामाकडे गेलंय. अख्खं गाव असंच सांगे. मामाकडे चार महिने राहायला जाणं हे चांगल्या घरचं लक्षण, परक्याच्या आगरात राबायला जाणं नव्हे. विचारणाऱ्याचं पोरही त्याच गलबतात असायचं. तोही मान डोलवायचा.

काही पोरं आगोटीला परत यायची. त्यांच्या तळपायाला भोकं पडलेली असत, शेणानं सारवलेल्या जमिनीवरसुद्धा ती पाय टेकत नसत. काही यायचीच नाहीत. मुकादम सांगे, तापानं गेलं, किंवा तिकडेच कामाला ठेवलंय, चांगलं रमलंय. पुढच्या दसऱ्याला आम्ही पुन्हा पोरं घेऊन बांधावर उभे.

बांधावर उभे म्हणजे परीक्षेला. मुकादम पोरांना ओल्या वाफ्यातून चालायला लावी आणि मागं उमटलेली पावलं वाकून बघे. पाऊल वरच्यावर उमटलं तर पोर पास. टाच रुतली तर नापास. मी दहा वर्षांचा असताना नापास झालो. बाप आठ दिवस माझ्याशी धड बोलला नाही. तो पुढं वारला, पण ते आठ दिवस मी विसरलो नाही.

माझ्या पाठीवर चार भावंडं गेली आणि मग ही बहीण झाली. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. सात वर्षांची असताना तिला पहिल्यांदा बांधावर नेलं तर ती वाफ्यातून धावत सुटली आणि टाचा रुतवून परत आली. शेजारीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ह्यांच्या घरात पोरं व्हतात का म्हशी गो? भाव रुतला, भयीन पण रुतली!" बायका हसल्या. मला ते झोंबलं. मी मानी माणूस, तेव्हाही होतो.

पुढच्या वर्षी नवरात्रात मी तिला चार दिवस आमच्या वाफ्यात नेऊन शिकवलं. हे मी केलं. आईनं नाही, मुकादमानं नाही.

"दादूस, टाच कुठं ठेवू?"

"टाच ठेवूच नको. बोटांवर चाल. श्वास धर."

"श्वास धरला तर बोलू कशी?"

"बोलू नको म्हणूनच सांगतोय."

ती दोन्ही हात पसरून बगळ्यासारखी चालायची, मध्येच तोंड फुगवून माझ्याकडं बघायची आणि फुस्सकन हसायची. हसली की रुतायची. मी पुन्हा पहिल्यापासून चालायला लावायचो. चौथ्या दिवशी ती न हसता बांधापासून बांधापर्यंत गेली.

मुकादमानं तिची पावलं पाहिली आणि छत्री माझ्या खांद्यावर टेकवली. "हिचा पाय रुततच न्हाय रं. अशी पोर मला दहा गावांत न्हाय मिळाली." मी पहिल्यांदा शेजारणीकडे बघितलं. बहिणीकडे मागाहून.

गलबतात बसताना ती रडली नाही. तिनं विचारलं, "तिकडं पण बोटांवरच चालायचं का?" मी म्हटलं, व्हय.

आगोटीला गलबत आलं, ती आली नाही. मुकादम म्हणाला, "कामाला हुशार हाय, पावसाळ्यात गोदाम झाडायला ठेवली. दसऱ्यानंतर बघू." आईनं पालीच्या गणपतीला नवस केला आणि लुगडं पेटीच्या तळाला टाकलं, नेसली नाही.

गावात शाळेला एक मास्तर होते. दुसऱ्या मुलखातले. दसरा झाला की त्यांची अर्धी शाळा रिकामी व्हायची. ते घरोघर विचारत फिरले. सगळीकडे एकच, मामाकडे. एकदा चावडीपुढं ते म्हणाले, "एवढे मामा ह्या गावाला आहेत तरी कुठले?" त्यावर एक म्हातारा म्हणाला, "मास्तर, तुमाला मामा न्हाय वाटतं?" लोक खो खो हसले. मीही हसलो. मास्तरांनी मग सरकारात अर्ज केला.

तालुक्याहून कारकून चौकशीला आला. आदल्या दिवशी पाटलानं सगळ्यांना बजावलं होतं, "पोरं कामाला धाडली म्हणालात तर आधी तुमच्याच हातात बेड्या पडतील. नि पोरींची लग्नं कोण करील?" चावडीत माणसं दाटून बसली. मी पुढं, कारण वाचता येणारा मीच. माझ्या शेजारी माझा सख्खा मामा, गावातलाच, चार घरं टाकून राहणारा.

कारकुनानं विचारलं, "तुझी बहीण कुठं आहे?"

मला आठवतं, तेव्हा मला खरं सांगता आलं असतं. ती गेल्याला वर्ष झालं होतं. गलबत कुणाचं, कुठल्या दिशेला गेलं, मुकादम कुठल्या गावचा, सगळं मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "मामाकडे."

"मामा कुठं राहतो?"

मामा बसल्या जागेवरून म्हणाला, "मीच की साहेब तो."

"मग मुलीला बोलाव."

"शेतावर गेलीय साहेब. लांब हाय शेत."

कारकुनानं आमच्या दोघांकडं बघितलं. तो खुळा नव्हता, त्याला सगळं कळलं होतं. पण ओहोटी लागायच्या आत त्याला होडी गाठायची होती, आणि आम्हीच सांगत नव्हतो तर त्यानं कशाला खणावं? त्यानं लिहिलं: गावातली मुलं नातेवाइकांकडे आहेत, कोणाची तक्रार नाही. मग दौत पुढं सरकवली. "अंगठा की सही?"

"सही," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं.

सगळी चावडी बघत होती. मी सावकाश, वळण देऊन सही केली. मास्तर खांबाला टेकून उभे होते. अक्षर मला त्यांनीच शिकवलं होतं. वाकून बघून ते म्हणाले, "वळण छान आहे." त्यांची बदली झाली तेव्हा त्यांची ट्रंक होडीपर्यंत उचलायला कोणी गेलं नाही. मीसुद्धा घरातच बसून होतो.

त्या वर्षी ती आली नाही. त्याच्या पुढल्या वर्षी मुकादमही आला नाही. दुसराच आला, दुसरी छत्री घेऊन. जुन्या पोरांचं विचारलं तर म्हणाला, "मला काय ठाऊक? मी नवा माणूस." लोकांनी नव्या माणसाला नवी पोरं दिली.

मग मिठाचा सत्याग्रह आला. आमच्या खाजणात, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, माणसं उतरली, मीठ उचललं, डोकी फुटली. माझ्या पाठीवर लाठीचा वळ आहे, तो मी कोणालाही अभिमानानं दाखवीन. एका सभेत मी उभा राहिलो आणि विचारलं, "हे मीठ ज्या पोरांच्या पायांनी होतं त्यांचं काय?" पुढारी भला माणूस होता, तुरुंगात जाऊन आलेला. तो हळूच म्हणाला, "भाऊ, आज हा विषय नको. आपल्यातच फाटाफूट होईल." मागून कोणीतरी माझा सदरा ओढला, "बस रं खाली." मी बसलो.

तरी मी हट्टी. मी शोधायला निघालो. पहिल्यांदा बंदरावर जुना तांडेल गाठला, ती गेली ते मुकादमाचं गलबत हाकणारा. तो जाळ्याच्या गाठी मारत म्हणाला, "पोरं नेली, मीठ आणलं. माझ्या गलबतात जे चढतं ते मी उतरवतो. पुढं ते कुठं जातं ते मी कशाला बघू?" पण मिठागर कुठलं ते त्यानं सांगितलं. मी गेलो.

मिठागराचा हिशेब ठेवणारा मेहता गादीवर बसलेला होता. "अहीं छोकरा लोक नथी, भाई. कधीच नव्हते," म्हणाला. मी बांधावरून फिरलो. एका वाफ्याच्या कडेला वाळलेल्या चिखलात बारकी पावलं होती. एका पावसात सगळं धुऊन जातं हे मला, आगरात जन्मलेल्या माणसाला, काय कळत नव्हतं? तरी मी उन्हात बसून एक एक पाऊल बघितलं. कुठल्या पावलाला टाच नाही ते बघत होतो.

तिथंच आमच्या शेजारच्या गावातला एक गडी भेटला. पोरवयात गेला तो तिथंच राहिलेला, आता मीठ ओढायचा. त्यानं तिला ओळखलं. "बोटांवर चालणारी? व्हय, होती की. दोन हंगाम होती. तिसऱ्या हंगामाला जड झाली, तिचा पाय रुतायला लागला. रुतायला लागलं की हितं कोण ठेवतंय? मुकादमानं तिला नि आणखी चार पोरींना दुसऱ्या गलबतात घातलं."

"कुठलं गलबत?"

"इचारलं न्हाय."

"अरे, एक पोर नेली, तू विचारलं न्हाय?"

त्यानं मिठाची पाटी पुन्हा डोक्यावर घेतली. "तुमी इचारलं व्हतं का, आमाला नेलं तवा?"

परत येऊन मी तालुक्याच्या कचेरीत गेलो. म्हटलं, मुकादमाचं नाव-गाव देतो, पाच पोरींचा शोध लावा. कारकून नवा होता. त्यानं दप्तर सोडलं, तो कागद काढला आणि माझ्यापुढं धरला. "ही सही कोणाची?" माझी, म्हटलं. "मग तुमची बहीण मामाकडे आहे. हरवली कुठं?" मी म्हटलं, कागद खोटा आहे. तो म्हणाला, "तुम्ही एकटे म्हणता. बाकीचे अंगठेवाले येऊन म्हणू देत."

मी घरोघर फिरलो. ज्यांची पोरं आली नव्हती त्यांच्याकडे आधी. कोणी दार लावलं, कोणी पाणी दिलं आणि पावसापाण्याचं काढलं. शेजारीण, तीच, म्हणाली, "आता कशाला उकरतोस बाबा? माझ्या धाकटीचं जमतंय." मामा म्हणाला, "भाच्या, खोटी साक्ष दिली म्हणून म्हातारपणी मी तुरुंगात जाऊ? तुझी भयीन, तशी माझी भाची. पण माझ्या घरात अजून पोरी हायत." मी एकट्याच्या सहीनं अर्ज दिला. उत्तर आलं नाही. पुन्हा दिला. मग शिपाई मला दारातच ओळखायला लागला.

आई त्यानंतर फार जगली नाही. शेवटी तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. एका सकाळी तिनं पेटीतलं ते लुगडं काढून उशाशी ठेवायला लावलं आणि मला म्हणाली, "पोर लय दिवस मामाकडे राहिली. आता घेऊन ये. मी नेसत्ये हे, ती आली की."

मी खरं सांगायला पाहिजे होतं. मी उठलो आणि चार घरं टाकून मामाकडे गेलो. मामा ओटीवर बसला होता. मी कशाला आलो ते त्यानं विचारलं नाही. मामीनं तांब्या-भांडं आणून ठेवलं. आम्ही दोघं ऊन पायरीवर येईपर्यंत तिथं बसलो. मग मी उठून घरी आलो आणि आईला सांगितलं, उद्या येते म्हणाली.