टाइमटेबलवाल्या मॅडम

आमच्या सानपाड्याच्या कॉलेजात टाइमटेबल मी लावते. हौस म्हणून नाही. नवीन होते तेव्हा एका सरांनी 'जरा बघता का' म्हणत ते माझ्यापुढे सरकवलं, मी बघितलं, आणि ते कायमचं माझ्या गळ्यात पडलं.

सॉफ्टवेअर आहे, नाही असं नाही. पण उरणहून येणारे सर सकाळी कंटेनरच्या रांगेत अडकतात, म्हणून त्यांना पहिलं लेक्चर द्यायचं नाही. वरच्या दोन्ही लॅब एकदम चालवल्या की फ्यूज उडतो. अमक्या मॅडम तमक्या सरांबरोबर एका प्रॅक्टिकलला उभ्या राहत नाहीत, हे सॉफ्टवेअरला कोण सांगणार? ते सगळं माझ्या डोक्यात.

यंदा गुहागरला आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, नेमकं सत्र सुरू होतानाच. आई तिथे एकटी असते. मी रजा मागितली. प्राचार्य म्हणाले, कुणालातरी तयार करा आणि खुशाल जा. मी एका मॅडमना शिकवलं. त्या हुशार निघाल्या, म्हणून त्यांना लगेच परीक्षा विभागात उचलून नेलं. मग एका नव्या सरांना बसवलं. ते नुसती मान डोलवत, लिहून काही घेत नसत. शेवटी मी चिडले. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. इथे ज्याला येतं, त्यालाच जन्मभर करायला लागतं. मला शिकायचंच नाही."

खरंच बोलत होते. संताप त्याचाच आला.

त्यात प्राचार्यांनी 'ज्ञान व्यवस्थापन' या विषयावर कार्यशाळा ठेवली, तीही ऑपरेशनच्या दिवशी. कुणाची लेक्चर्स हलवायची, कुठला हॉल घ्यायचा, हे ठरवायला अर्थातच मी. रजा आठवडाभर पुढे न्या, असं त्यांनी गोड आवाजात सुचवलं. पाहुणे वक्ते ज्ञान वाटण्याबद्दल तास-दीड तास बोलले. मी मागच्या रांगेत फोन घट्ट धरून बसले होते.

जेवणाच्या सुट्टीत आईचा फोन लागला. ऑपरेशन होऊन ती घरीही आली होती. म्हणाली, "तू कशाला काळजी करत्येस? शेजारच्या वहिनीला सगळं सांगून ठेवलंय. थेंब कधी घालायचे, गोळ्या कुठल्या, मांजराला दूध किती. तुझ्यावाचून काही अडलं नाही हो."

ती मला धीर देत होती. मला मात्र रडू आलं. जिथे माझ्यावाचून अडायला हवं होतं, तिथे अडलं नव्हतं.

डोळे पुसते तोच नवे सर आले. दुपारचं सत्र कुठल्या हॉलमध्ये, विचारायला लागले.

"मला नाही माहीत," मी म्हटलं.

माहीत होतं. पण त्या दिवशी मी कुणालाच काही सांगणार नव्हते.