रिकाम्या खोलीचे फोटो

शाळेतली पोरं तिला 'शूबाई' म्हणायची. ग्रंथपाल म्हणून लागली तेव्हापासून ओठांवर बोट ठेवून 'शू' करण्यातच तिची निम्मी नोकरी गेली होती, तेव्हा नाव चुकलं असं कोण म्हणेल? ग्रंथालय म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावरची टोकाची खोली. बाहेर मोडक्या बाकांचा ढीग, डोक्यावर तापणारा पत्रा. मुख्याध्यापकांचे गुडघे धरलेले, म्हणून त्यांची तिकडे फेरीच नसायची. शिपाईसुद्धा काही द्यायचं असलं तर जिन्याखालूनच हाक मारायचा.

एका बैठकीत संस्थेच्या सचिवांनी विषय काढला. त्या खोलीत दहावीच्या निवडक मुलांचा जादा वर्ग भरवू, पुस्तकं कपाटात बंद करून टाकू, हल्ली वाचतंय कोण? शूबाई उभी राहिली. "मला एक वर्ष द्या," म्हणाली. कधी ब्र न काढणारी बाई बोलली, या नवलापोटीच तिला वर्ष मिळालं असावं.

तेव्हापासून ती फोनला जी चिकटली! नवरा म्हणायचा, "पोरांना फोन ठेवा म्हणून ओरडायचीस, आता तुलाच खूळ लागलं का?" लागलंच होतं. कुठलेसे एक सर होते, शाळांना नवं तंत्रज्ञान शिकवणारे. समाजमाध्यमांवर त्यांचा मोठा बोलबाला, आणि ठिकठिकाणचे शाळेतले ग्रंथपाल त्यांच्या मागे. भाजी चिरताना फोन पिठाच्या डब्याला टेकवून शूबाई त्यांचे व्हिडिओ बघायची. या वयात कुणी असं शिकत नाही हो. पण खोली जाणार म्हटल्यावर तिला दुसरं काही सुचेना.

आणि शिकली ती नुसती ऐकून गप्प बसायला नाही. कपाटांची कुलपं निघाली. पुस्तकं मुखपृष्ठ दिसेल अशी उभी राहिली. आपला जुना फोन तिने टेबलाला दोरीने बांधला. ज्याला पुस्तक आवडेल त्याने त्यात दोन शब्द बोलून ठेवायचे, दुसऱ्याने ऐकायचे. पोरांना बोलायला मिळालं, मग काय विचारता! मधल्या सुट्टीत डबा तोंडात कोंबून पोरं जिना चढायची. सतरंजीवर जागा नाही म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर, दारात, टेबलाखाली बसून वाचायची. घरी नेली की पुस्तकं फाटतात म्हणून सगळं वाचन तिथेच, त्यामुळे देण्याघेण्याची नोंद करायचा प्रश्न नव्हता. शूबाईने 'शू' करणं कधी सोडलं हे तिलाही कळलं नाही.

सर एक गोष्ट दर वेळी बजावायचे: आपण काय करतो ते जगाला दाखवा, पण मुलांचे चेहरे कधीही टाकू नका, लेकरं लोकांची आहेत. शूबाईला ते पटलं आणि तिने ते कटाक्षाने पाळलं. घंटा व्हायच्या आधी येऊन ती झाडून घ्यायची, पुस्तकं नीट मांडायची, फोटो काढायची आणि समाजमाध्यमावरच्या आपल्या पानावर टाकायची. दूरदूरचे ग्रंथपाल 'वा बाई, वा' म्हणायचे. एकदा तर खुद्द सरांनी तिच्या खोलीचा फोटो सगळ्यांना दाखवला. तिने तो नवऱ्याला दाखवला, नवऱ्याने आपल्या बहिणीला. त्या दिवशी घरात शूबाईचा रुबाब काय वर्णावा.

वर्ष संपलं. बैठकीत सचिवांनी भिंतीवरच्या पडद्यावर तिचंच पान उघडलं. तिला वाटलं, कौतुक करणार. एकेक फोटो सरकू लागला. स्वच्छ सतरंजी. रांगेतली पुस्तकं. रिकामा कट्टा. पुन्हा सतरंजी.

"बाई, खोली छान ठेवलीत," सचिव म्हणाले. "पण यात एकही पोर दिसत नाही. वर्षभरात एकही नाही."

"साहेब, चेहरे टाकायचे नसतात म्हणून मी आधी काढायची. मधल्या सुट्टीत वर येऊन बघा, पाय ठेवायला जागा नसते."

मुख्याध्यापक गुडघा चोळत म्हणाले, "आता हातच्या कांकणाला आरसा कशाला, बाई? तुम्हीच काढलेत ना हे?"

तिने ग्रंथालयातला दोरीचा फोन आणून मुलांचे आवाज ऐकवले. सचिव हसले. चार पोरांना पढवून बोलायला लावणं काय अवघड आहे, म्हणाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिने व्हिडिओवाल्या सरांना सगळं लिहून पाठवलं. त्यांच्याकडून टाळ्या वाजवणाऱ्या हातांचं चित्र आलं, बाकी काही नाही. वाचलं तरी होतं का, देव जाणे.

कपाटांना पुन्हा कुलपं लागली, सतरंजीच्या जागी बाक आले. बाईंना काढणार कसं, म्हणून तिला त्याच खोलीच्या दारात उभं केलं. निवडलेल्या मुलांना लाल बिल्ला. बिल्ला असेल त्याला आत सोडायचं, नसेल त्याला नाही. वर्ग मधल्या सुट्टीतही चालायचा.

पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि जिन्यावर धडधड पाय वाजले. नेहमीची पोरं होती. बिल्ला एकाकडेही नव्हता.

"बाई, आम्ही आवाज नाही करणार," पुढची मुलगी म्हणाली.

"माहितेय गं. आता इथं वर्ग असतो. खाली जा."

"उद्या येऊ?"

"नको. उद्याही नको."

पोरांनी वाद घातला नाही, तेच तिच्या जिवाला लागलं. सगळी वळली आणि जिना उतरू लागली. मोठा घोळका होता, जिना भरून गेला होता. वरून तिला नुसत्या पाठी दिसत होत्या, वेण्या, मळक्या कॉलरी. एकाचाही चेहरा दिसत नव्हता.

असा फोटो चालला असता, हे तिला तेव्हा कळलं.