संपावर गेलेली गोष्ट

आई मला कधी फोन करत नाही. मुंबईत माणूस कामात असतो आणि कामातल्या माणसाला हाक मारू नये, असं तिचं मत. त्यामुळे त्या सकाळी कपडेपटाच्या खोलीत, साड्यांच्या ढिगाखाली फोन थरथरला आणि त्यावर 'आई' दिसलं, तेव्हा मी हातातली इस्त्री आधी उभी करून ठेवली. "मिलिंद," आई म्हणाली, "वंदना उठून नाही राह्यली." मी म्हटलं, झोपली असेल. "चाय ठेवला, हाक मारली, हालवलं... उठून नाही राह्यली." मग शेजारच्या कांताकाकूंनी तिच्या हातातून फोन घेतला. "लौकर ये," एवढंच काकू म्हणाल्या, आणि मला जे कळायचं ते कळलं.

माझी थोरली बहीण वंदनाताई गेली, त्याला आता काही आठवडे झाले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले. लिहायला मी बसलोय खरा, पण लिहिणं हे ताईचं काम. माझं काम इस्त्रीचं. मालिकांच्या सेटवर मला 'ड्रेसदादा' म्हणतात. नायिकेने मागच्या प्रसंगात कोणती साडी नेसली होती, पदर कुठल्या खांद्यावर होता, हे सांभाळणारा माणूस. तेव्हा या लेखाला चुण्या पडल्या तर चालवून घ्या.

आमचं गाव पैनगंगेच्या अलीकडे, आदिलाबाद जिल्ह्यात. सरकार तेलुगूत बोलतं, गाव मराठीत भांडतं. आमचे आजोबा दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायचे. ताई गावच्या मराठी शाळेत बाई झाली आणि सेवा संपेपर्यंत तिथेच राहिली. लग्न केलं नाही. का, असं विचारायची कुणाची छाती नव्हती. शाळेतली पोरं तिला जितकी घाबरत, त्याहून मी जास्त घाबरायचो. तिला लेखिका मात्र मी केलं, हे मी मरेपर्यंत सांगणार! झालं असं, की एका कापूसवाल्याच्या घरात सून होऊन आलेल्या रुक्माची मालिका सुरू होती आणि मी त्या सेटवर होतो. मुंबईतले लेखक वऱ्हाडी बोली अंदाजाने लिहीत. एकदा ताईचा फोन चुकून स्पीकरवर लागला. आईला पैसे पाठवायचे राहिले म्हणून ती मला झोडपत होती. दिग्दर्शक चहा प्यायचा थांबला. "या बाई कोण?" म्हणाला. आठवडाभरात रुक्माचे संवाद ताईकडे आले आणि पुढे हळूहळू कथाही.

ती गावातूनच लिहायची. बाहेरच्यांना खोटं वाटेल, पण आमच्या धंद्यात प्रसंगाचे दिवे लागतात तेव्हा त्या प्रसंगाची पानं यायची असतात. नट तोंडाला रंग लावता लावता वाक्यं पाठ करतात. एखादं वाक्य कुणाला आवडलं नाही, की ताईला न विचारता बदलायचं. पडद्यावर तिचं नाव नाही. आणि इकडे रोज संध्याकाळी तीच मालिका आमच्या अंगणात लागायची. दारात स्टुलावर टीव्ही, समोर गल्लीतल्या बाया आणि मध्ये आई. रुक्मा ही आपलीच कुणी लांबची पोर आहे, असं आईला वाटायचं. मालिका संपली की मागे वळून ती लेखिकेला फैलावर घ्यायची, "काऊन रडवतं व तिले इतकं? तुहं काय घेतलं तिनं?"

मग लेखकांनी संप केला. मागण्या साध्या होत्या. रोज नाव दाखवा, करार लिहून द्या, आम्हाला विचारल्याशिवाय शब्द बदलू नका. आधी शूट करून ठेवलेले भाग असतात, त्याला आमच्यात 'बँक' म्हणतात. ती बँक संपली आणि जुने भाग पुन्हा दाखवायला लागले. सेटला कुलूप. आम्ही सगळे रोजंदारीवाले. स्पॉटदादा घरोघर जेवणाचे डबे पोचवू लागला, केस करणारी मुलगी लग्नांच्या ऑर्डरी शोधू लागली आणि मी गावी येऊन बसस्टँडजवळ इस्त्रीचं टेबल मांडलं. गावाला संप ठाऊकच नव्हता. रुक्माचं जुनंच बाळंतपण परत दिसायला लागलं, तेव्हा बाया मिळून केबलवाल्याच्या दुकानावर गेल्या आणि नवीन भाग का दाबून ठेवला म्हणून त्यांनी त्याला घाम फोडला. ताईनेच जाऊन त्याला सोडवलं. संप करणारी, संपामुळे बसलेला आणि संपामुळे हळहळणारी, अशी आम्ही तिघं एकाच छपराखाली होतो.

शेवटी आईचं उतरलेलं तोंड ताईला बघवेना. एका संध्याकाळी जुना भाग सुरू झाला तसा ताईने टीव्हीचा आवाज बंद केला आणि स्वतःच पुढची गोष्ट सांगायला लागली. सासू झाली, दीर झाली, रुक्मा झाली. मी सेटवर मोठमोठे नट पाहिलेत, पण त्या अंगणात जे ऐकलं ते कुठे ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी बाया दुप्पट. कांताकाकूंची लेक उटनूरला दिलेली. तिलाही ऐकायला मिळावं म्हणून काकूंनी फोनवर रेकॉर्ड केलं आणि पाठवून दिलं. त्यात पाप काही नव्हतं. शेजारणीला वाटीभर भाजी द्यावी, तसं दिलं. लेकीने ते सासरच्या बायांना दिलं, तिथून ते निर्मलला गेलं, नदी ओलांडून पलीकडे गेलं... आणि मुंबईला पोचलं.

आधी ताईला फोन आला तो संपातल्या एका लेखकाचा. "ताई, तुमचा आवाज आमच्या ग्रुपवर फिरतोय. लोक विचारतायत, बाई फुटल्या का?" त्याच दुपारी मला प्रॉडक्शनच्या साहेबांचा फोन. त्यांचं म्हणणं फार गोड होतं. तुमच्या बहिणीने काही लिहायचं नाही, नाव लावायचं नाही. त्या आधीच बोलून बसल्यात. रोज बोलत राहू द्या, आम्ही उतरवून घेऊ. त्यांनी फक्त हो म्हणायचं, सेट सोमवारी उघडतो. लिहिलंच नाही तर संप मोडला कुठे?

मला ते पटलं, आणि मी तिला तसं सांगितलं. कपडेपटातली माणसं रोज मला फोन करून रडत होती. ताई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नाई."

"अगं, तू लिहून नाही राह्यली! तुझं काय जातं?"

"माहा हात संपावर होता, मिलिंद. तोंड बी संपावर हाय, हे माह्या ध्यानात नाई आलं. आता आलं."

"आणि आमची पोटं? ती कुणाच्या संपावर आहेत?"

ताई सूप बाजूला ठेवून उठली, आणि मला वाटलं, आता अंगणातलं सांगणं बंद होणार. पण संध्याकाळी ती रोजच्या जागी येऊन बसली. कांताकाकू अपराध्यासारख्या फोन पदराखाली लपवत होत्या. "लपवतं कायले?" ताई म्हणाली. "काढ बाहेर. नीट धर, आवाज साफ आला पायजे." हिने मनात होकार दिला की काय, अशी मला आशा वाटली... खोटं कशाला सांगू?

त्या संध्याकाळी तिने बंगला जाळला. आमची सबंध मालिका ज्या एका बंगल्यात घडायची, तो बंगला. अंगणात कापसाची थप्पी, मोटारीची ठिणगी. आमच्याकडच्या बायांना कापसाची आग समजावून सांगावी लागत नाही. वर नुसती राख दिसते आणि आत दिवसभर जळत असतं. रुक्मा माडीवर, जिना पेटलेला, खाली सासू हाका मारतेय... आणि ताई थांबली. काकूंच्या हातातला फोन तिने घेतला, तोंडाजवळ धरला आणि शाळेत हजेरी घ्यायची त्या आवाजात म्हणाली, "ही गोष्ट वंदनाची हाय. मी संपावर हाव. संप मिटेपर्यंत पुढचं कोनाले सांगनार नाई. अन् ज्याले ही गोष्ट फुकट पायजे असन, त्यानं आदी आपला बंगला जाळावा."

अंगणात एकच कालवा झाला. मेली का ते तरी सांग, म्हणून बायांनी तिला घेरलं. कांताकाकू रडायलाच लागल्या. आई तशीच भिंतीला टेकून बसलेली. ताई आत निघून गेली.

ते रेकॉर्डिंग आधीच्यापेक्षा जास्त फिरलं. ते ऐकल्यावर तिची गोष्ट वापरायची कुणाची टाप नव्हती. ताईला संपातल्या लेखकांचे शाबासकीचे फोनवर फोन आले. मलाही एक आला, प्रॉडक्शनच्या ऑफिसातून. "दादा, बहिणीने तुमची चांगली सोय केली. आता तिकडेच इस्त्री करा." माझं डोकं सणकलं. मी ताईला नको नको ते बोललो. तिने ऐकून घेतलं. "तुह्या पोटावर मी पाय देला, मले समजते," म्हणाली. "पन आपल्याले आजवर कोनी पंगतीत बसवलं, सांग बरं? त्या लेखकायनं बसवलं. आता ताट पालथं करून उठू?" मी पुष्कळ दिवस तिच्याशी अबोला धरला. खरं सांगू, तिचं म्हणणं मला आजही पुरतं पटलेलं नाही. लेखकांचं नाव पडद्यावर यावं म्हणून संप होतो. इस्त्रीवाल्याचं नाव यावं म्हणून कोण करतं? पण अख्खं गाव विरुद्ध गेलं असताना, घरचा भाऊ तोंडावर ओरडत असताना, एक बाई आपल्या शब्दावर उभी होती, हे मी पाहिलं आहे. असं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

संप मिटला. लेखकांची नावं दिसू लागली. आमची मालिका मात्र बंदच झाली. जुने भाग बघून कंटाळलेले लोक दुसरीकडे वळले होते. बंगल्याचं प्लायवूड टेम्पोत भरून नेलं. मला फिरून फिरून दुसऱ्या सेटवर काम मिळालं. ताईला मिळालं नाही. दुसरी कुठली तरी वाहिनी रुक्माला घेईल, असं तिच्या मनात होतं. बायांनी पुढचं विचारलं की म्हणायची, "टीव्हीवर पाहू. माहं नाव येईन, मंग पाहू." भांडण विरून गेलं होतं, रविवारी आम्ही फोनवर बोलायचो. सेटवरची एकेक गंमत ती खोदून खोदून विचारायची. आणि मग ती सकाळ.

परवा मी मुंबईला परत निघणार होतो. संध्याकाळी बाया आल्या. टीव्ही लावा, असं कुणी म्हटलं नाही. मग कांताकाकूंनी मला विचारलं, "मिलिंद, तुले तं मालूम असन. रुक्मा वाचली का रे?" मी म्हटलं, काकू, मला कुठलं माहीत असणार. ते ताईबरोबर गेलं.

"मले मालूम हाय," आई म्हणाली.

मग तिच्याकडून कळलं ते असं. ताईने बंगला जाळला त्या संध्याकाळीच आई तिच्या मागोमाग आत गेली होती, आणि ताईने तिला सगळं सांगितलं होतं. शेवटापर्यंत. माझ्या अबोल्याच्या दिवसांत, बाया दारात येऊन विनवण्या करत होत्या तेव्हा, संप मिटल्यावर, मालिका बंद पडल्यावर, आईने एका शब्दाने कुणाला सांगितलं नव्हतं. मलाही नाही. मला वाईट वाटलं. लपवायचं कशाला, आणि तेही माझ्यापासून?

"मग सांग ना आई," मी म्हटलं. "संप केव्हाच मिटला."

आईने मान हलवली. "तिनं म्हनलं होतं, आई, मी सांग म्हनीन तवाच सांगजो." मग दाराकडे बघत, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "अजून म्हनलं नाई तिनं."