मामाची पाठ

आमच्या अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात माझ्या मामाची पाठ पाहिलेला माणूस शोधूनही सापडला नसता. यात मी मामीलाही धरते आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यात आमचं गाव. तिकडे दिवाळी सरली की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, मंडई आली की नाटक येतं, आणि नाटक आलं की माझा मामा त्यात राजा होऊन येत असे. अगदी सुरुवातीला त्याला कुणीतरी शिकवलं होतं की स्टेजवर प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही. बाकीच्या नटांनी हा नियम स्टेजवरच ठेवला, मामा तो घरी घेऊन आला. तो खोलीतून बाहेर पडतो तो उलट्या पावलांनी, आपल्याकडे बघत, एक हात किंचित वर धरून. त्यापायी दारातले किती माठ फुटले ते मामीलाच ठाऊक. लग्नाच्या पंगतीत भात वाढताना तो खेकड्यासारखा आडवा सरकत जातो, म्हणजे या ओळीचाही अपमान नको आणि त्या ओळीचाही. मामी म्हणते, "लग्न झालं तवापासून मी या माणसाचं तोंडच पाहून राहिली. पाठीवर तीळ आहे का मस आहे, मले काय मालूम!"

त्याचा आवाजही तसाच. हळू बोलणं त्याला जमत नाही असं नाही, पण त्याला ते पटत नाही. गोंदियाच्या बाजारात तो भाजीच्या गाडीपुढे उभा राहून म्हणतो, "ही भेंडी कोणत्या मुलखातून आली?" भाजीवाला मान वर न करता विचारतो, "राजासाहब, झोला लाए हो?" पिशवी बहुतेक वेळा घरीच राहिलेली असते. मग दोन्ही हातांत भेंडी धरून राजा परत येतो, आणि वाटेत जो भेटेल त्याला मान झुकवून नमस्कार करतो, कारण हात मोकळे नसतात.

पण हे राज्य होळीपर्यंतच चालायचं. होळीनंतर नाटकं बंद. मग पुढच्या दिवाळीपर्यंत राजा दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, चिखलात वाकून धानाची रोपं लावायचा, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जायचा. त्याबद्दल त्याने कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. मात्र मामीने केलेली आठवते.

मला गोंदियाच्या कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा आमच्या घरात आनंद झाला आणि लगेच काळजीही लागली. आमच्यापैकी कॉलेजात जाणारी मी पहिलीच. शहरात राहायचं कुठे, हे सांगायला कुणी नव्हतं. तेव्हा मामा उठून उभा राहिला (बसून तो महत्त्वाचं काही बोलत नाही) आणि म्हणाला, "भाची शिकाले जाऊन राहिली, त मीबी शिकतो. आमी खोली करतो गोंदियाले." सगळ्यांना ते नाटकातलं वाक्य वाटलं. मामी तेवढी सावध झाली. "तुमी काय शिकता जी या वयात?" मामा म्हणाला, "ते गेल्यावर पाहू."

मामा, मामी आणि मी गोंदियाला खोली करून राहिलो, आणि गेल्यावर पाहिलं ते असं. शहरातल्या पाइप फिटरांची एक कामगार संघटना आहे. कारखान्यांत वाफेचे, पाण्याचे, तेलाचे पाइप जोडणारी ही माणसं. त्या वर्षी त्यांनी शिकाऊ घ्यायचे ठरवले होते आणि अनुभवाची अट ठेवली नव्हती. अट शेवटी होती. काम शिकून झालं की प्रत्येकाने सगळ्यांसमोर एक जोड लावायचा. त्यात दाबाने पाणी भरायचं. जोड कोरडा राहिला तर संघटनेचं कार्ड आणि कायमचं काम. पहिल्यांदा गळाला तर एक संधी आणखी. तिथेही गळाला तर घरी. मामाचं वय त्यांच्या मर्यादेच्या अगदी काठावर होतं, म्हणजे पुढच्या वर्षी परत येऊ म्हणायची सोय नव्हती.

तिथल्या सगळ्यात जुन्या फिटरला सगळे उस्ताद म्हणतात. उस्तादांनी मामाला विचारलं, "पाइप का काम कभी किया है?"

"नाही जी."

"लोहे का कुछ भी?"

मामाने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "एका नाटकात तुरुंगाचे गज वाकवले होते. पण ते बांबूचे होते."

उस्तादांनी त्याच्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, "कल सुबह आ जा. चप्पल में मत आना."

पहिल्याच आठवड्यात पाठीचा प्रश्न आला. पाइप भिंतीला, उस्ताद समोर. मामा उस्तादांकडे तोंड करून उभा, आणि हात मागे नेऊन नट आवळतोय. उस्ताद ओरडले, "अरे, पाइप उधर है! मुँह इधर काहे को?" मामा म्हणाला, "उस्ताद, तुमच्याकडे पाठ कशी करू?" "मेरी आरती नहीं उतारनी है, काम देख!" मग मामाने मधला मार्ग काढला. अर्धं तोंड पाइपाकडे, अर्धं माणसांकडे, नाटकातली माणसं बोलतात तसं. त्याच्या मानेला त्या काळात कायम लचक भरलेली असे, आणि मामी तेल चोळता चोळता उस्तादांना नावं ठेवी.

पण पाठांतराला मामा पक्का. दोन पाइप जोडताना दोन्ही टोकांच्या लोखंडी तबकड्या समोरासमोर आणतात, मध्ये एक चकती घालतात आणि कडेने बोल्ट आवळतात. ते ओळीने आवळायचे नसतात. एक आवळला की त्याच्या समोरचा, मग आडवा, मग त्याच्या समोरचा, सगळे थोडे थोडे, नाहीतर तबकडी तिरपी बसते. मामाने प्रत्येक बोल्टला एकेक पात्र दिलं. राजासमोर राणी, प्रधानासमोर सेनापती, हेरासमोर विदूषक. एकाने संवाद म्हटला की समोरच्याने उत्तर द्यायचं. संध्याकाळी मी अभ्यासाला बसले की तो परातीवर चुन्याने बोल्ट काढून तालीम करी. मामी भाकरी थापता थापता सांगे, "विदूषक राहिला तुमचा." एका रविवारी त्याला खरे बोल्ट हवेसे वाटले, तर त्याने गल्लीतल्या हातपंपाच्या डोक्याचे बोल्ट खोलायला घेतले. पाण्याला आलेल्या बायकांनी गलका केला. "ए भैया, नल को काहे खोल रहे हो? पानी कौन देगा, तुम्हारा बाप?" मामा हात वर करून म्हणाला, "जनहो, घाबरू नका!" बायका घाबरल्या नव्हत्याच, चिडल्या होत्या. एकीने हंडा उगारला. मामाने भराभर राजा, राणी, प्रधान करत सगळे बोल्ट परत आवळले. मी कोपऱ्यावरून पाहत होते. पुढे जाऊन "हे आमचे मामा आहेत" म्हणावं की नाही, ते मला ठरवता येत नव्हतं.

त्याची पहिली चाचणी पावसाळ्याच्या शेवटी झाली. शहराबाहेर धानाच्या कोंड्यापासून तेल काढायचा एक कारखाना आहे, तिथल्या आवारात संघटनेने लोखंडी चौकट उभारली होती. मामाने जोड लावला, पाणी भरलं, पंपाने दाब चढू लागला. आणि मामा चालत जाऊन जोडासमोर उभा राहिला, छाती पुढे, हात कमरेवर. त्याने उस्तादांशी गप्पा सुरू केल्या. पावसाचं विचारलं. तब्येतीचं विचारलं. उस्ताद दाबाचा काटा पाहत होते आणि काटा हळूहळू उतरत होता. बाकी सगळे गळती कुठे आहे ते शोधत होते. तेवढ्यात कुणाचं तरी लक्ष मामाच्या पायांकडे गेलं. पँटच्या दोन्ही टोकांतून पाणी निथळत होतं. जोडातून उडणारी बारीक धार तो इतका वेळ अंगावर घेत होता.

स्टेजवर पडदा फाटला, दिवा पडला, कुणाची मिशी निघाली, तर पुढे उभं राहून झाकायचं आणि नाटक थांबू द्यायचं नाही, हे तो आयुष्यभर करत आला होता. लबाडी त्याच्या मनातही नव्हती. सगळे पोट धरून हसले. उस्ताद हसले नाहीत. ते म्हणाले, "आज पानी है इसलिए भीग गया. कल इसमें भाप होगी. तू ढकेगा, तो जलेगा. तू नहीं, तो तेरे पीछे वाला जलेगा. यहाँ जो टपके, वो सबसे पहले चिल्ला के बताने का."

त्या दिवशी मामा घरी आला आणि चक्क हळू बोलला. मला भीती वाटली. आता एकच संधी उरली होती. ती गेली तर मामाची शिकाऊ म्हणून मिळणारी मजुरी जाणार, मग खोली जाणार आणि खोलीबरोबर माझं कॉलेजही. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. त्यातच नाटक कंपनीचा माणूस येऊन बसला. मंडईच्या तारखा ठरत होत्या. "राजा तुम्हीच पाहिजे. नाही म्हणाल त दुसरा पाहाव लागन."

मामी चहा देत म्हणाली, "जा ना मंग. तिथं गळलं तरी लोक टाळ्या पिटतात."

मामाने चहा संपवला. मग कप ठेवून म्हणाला, "दुसरा पाहा. मी सध्या जोड शिकून राहिलो." तो माणूस गेल्यावर तो पुन्हा परातीकडे वळला. त्या दिवसापासून त्याने बोल्टांना पात्रांची नावं देणं बंद केलं. नुसतं एक, समोरचा, आडवा, समोरचा. मला ते ऐकवत नसे.

पहिल्या चाचणीला माझं कॉलेज असल्यामुळे मामी एकटी गेली होती; दुसऱ्या चाचणीला आम्ही दोघी गेलो, कारण संघटनेची तशी रीत आहे. जोड दाबाला टिकला तर पाणी सोडण्याआधी शिकाऊच्या घरच्या माणसाने पांढरा रुमाल जोडाभोवती फिरवायचा आणि कोरडा आहे की ओला, ते मोठ्याने सांगायचं. उस्तादांचं म्हणणं असं की, घरचे रोज ज्याची वाट बघतात, त्याचं काम त्यांना स्वतःच्या हाताने कळलं पाहिजे.

मामा चौकटीपुढे आला. संघटनेचे सगळे लोक, बाकीचे शिकाऊ, त्यांच्या घरचे, असा मोठा घोळका समोर होता. मामाने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग तो वळला आणि पाइपाकडे तोंड करून उभा राहिला, पूर्ण. मी त्याची पाठ पहिल्यांदाच पाहत होते. रुंद पाठ, खांद्याशी उसवलेली शिवण, मध्यभागी घामाचा डाग. चकती बसवताना, बोल्ट आवळताना त्याने एकदाही मागे पाहिलं नाही. मामी माझ्या कानाशी म्हणाली, "पाठीत वाकले वं थोडे." आणि पदर तोंडाला लावला.

पंप सुरू झाला. दाब चढला, काटा हव्या त्या आकड्यावर गेला आणि तिथेच थांबला. मामा जोडापासून दूर, बाजूला उभा होता, सगळ्यांना जोड दिसेल असा. बऱ्याच वेळाने उस्तादांनी रुमाल पुढे केला. मामीने मलाच ढकललं, "तू जा, तू कॉलेजात जातेस." कॉलेजात असलं काही शिकवत नाहीत हे सांगायला वेळ नव्हता. मी जोडाभोवती रुमाल फिरवला, खालच्या बाजूनेही फिरवला. लोखंड गार होतं, त्यामुळे ओलं काय आणि कोरडं काय, मला कळेना. मग रुमाल गालाला लावून पाहिला.

"कोरडा आहे," मी म्हणाले.

"जोर से बोल बेटा, घर जैसा."

"कोरडा आहे!" आमच्या घराण्याचा आवाज माझ्यातही आहे, हे मला तेव्हा कळलं. आवारातले पारवे उडाले.

उस्ताद म्हणाले, "ठीक है. अगला कौन?"

एवढंच. पुढचा शिकाऊ आपली हत्यारं घेऊन आला. मामा क्षणभर तिथेच उभा होता, हात छातीपर्यंत आलेला, मान जराशी झुकलेली. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो त्या मुलाला जागा करून देऊन बाजूला झाला. माझ्या मनात आलं की आपण तरी टाळ्या वाजवाव्यात. पण कुणीच वाजवत नव्हतं आणि मला एकटीने सुरुवात करायचा धीर झाला नाही. ऊर मात्र इतका भरून आला होता की मी मामीचा दंड घट्ट धरून ठेवला होता.

आता मामा त्याच तेलाच्या कारखान्यात असतो. संघटनेचं कार्ड खिशात असतं आणि बाजारात कुणी मागितलं नाही तरी तो ते दाखवतो. मीही कॉलेजात टिकून आहे. परवा त्याने मला परीक्षेला सोडायला मोटरसायकल काढली आणि वाटेत कारखान्याच्या भिंतीशी थांबवली. वरून जाणारा एक जाड पाइप दाखवत म्हणाला, "त्या वळणावर माझा जोड आहे. वरून पत्रा चढवला आता, दिसत नाही." तरी मी बराच वेळ पाहिलं. पत्र्यावर ऊन पडलं होतं, दुसरं काही नव्हतं.

तेवढ्यात नाटकाची जाहिरात करत एक ऑटो गेला. भोंग्यातून नव्या राजाचा संवाद मोठ्याने वाजत होता. मामा ऑटो वळून दिसेनासा होईपर्यंत ऐकत राहिला.

"आवाज दमदार आहे, नाही?" त्याने विचारलं.

"हाव मामा," मी म्हणाले, "पण..."

"नाही, दमदार आहे," तो म्हणाला आणि त्याने किक मारली. "चल बस. तुझा पेपर आहे, अन् माझी पाळी."