कापराचा वास येणारा चाकू

"मॅडम, आपण पाईप आणि गॅस्केट तपासतो. चाकू-सुऱ्या कधीपासून घ्यायला लागलो?" सावंत सर म्हणाले.

सर आमच्या लॅबचे मॅनेजर. तळोजा एमआयडीसीतल्या या लॅबमध्ये मी प्लास्टिक-रबराचं टेस्टिंग बघते. माझ्या टेबलावर एक एअरटाइट डबा होता. आत चार जुने घडीचे चाकू, पाती गंजलेली. समोर रुबीना बसली होती. सानपाड्याला राहते, बँकेत नोकरी. कुणाच्या तरी ओळखीने आली होती.

"चाकू अब्बांचे. जहाजावर नोकरीला होते, तेव्हा घेतलेले," ती म्हणाली. "गंजाचं सोडा. डबा उघडला की कापराचा वास येतो, तो कुठून येतो सांगा. आमच्या घरात कापूरच नाही."

"वास चांगलाच आहे की," सर म्हणाले. त्यांना देवघर आठवलं असणार.

"सर, आमच्यात कापूर मयताला लावतात." रुबीना म्हणाली. "अब्बांनी डबा उघडला आणि म्हणाले, मला बोलावणं आलं. त्या दिवसापासून नीट जेवत नाहीत. चहात खारी बुडवून खातात, बस्स. डॉक्टरांना दाखवलं, रिपोर्ट सगळे नॉर्मल."

म्हातारा बाप ताट सरकवून उठला की घरातल्यांच्या घशाखाली घास उतरत नाही, हे मला माहीत आहे.

"अब्बा कुठे आहेत?"

"खाली गाडीत. काचा बंद करून एसी लावलाय. इथली हवा बाधायची."

चाकू एकेक करून हातात घेतले. एकाची मूठ लाकडाची, ती कुणीही ओळखेल. दुसऱ्या मुठीवर बारीक काळे ठिपके होते, म्हणजे हाड. तिसरी उजेडात धरली तर कडेला थर दिसले, ते शिंग. चौथी पिवळी-तपकिरी, ढगाळ आणि दिसायला सगळ्यांत देखणी.

"ही कासवाची पाठ," सर दचकून म्हणाले. "वनखात्याचं लफडं नको हं. सुई तापवून टोचा. केस जळल्यासारखा वास आला की समजायचं."

"सर, सुई खाली ठेवा."

"का?"

"मला वाटतंय ते खरं असेल तर मूठ भडकन पेटेल."

मी मूठ अंगठ्याने खसखसून चोळली आणि हुंगली. कापूर. मग ती एफटीआयआर मशीनवर ठेवली. हे मशीन वस्तूवर डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टाकतं. त्यातला कुठला भाग वस्तू शोषून घेते, त्यावरून ती कशाची हे कळतं. उत्तर आलं सेल्युलॉइड. प्लास्टिकचा खापरपणजोबा. कापसावर अ‍ॅसिडची प्रक्रिया करून त्यात कापूर मिसळून बनवायचे. जुनं झालं की आतला कापूर उडायला लागतो. पुढे अ‍ॅसिडची वाफ सुटते आणि शेजारचं लोखंड खाते. बंद डब्यात वाफेला जायला जागा नाही, मग सगळंच झपाट्याने बिघडतं.

रुबीनाने डब्याकडे बघितलं. "खाडीची खारी हवा लागू नये म्हणून मीच त्यात भरले."

"आपण पापडही तसेच ठेवतो. कुणीही हेच केलं असतं."

"मॅडम, तुम्हीच सांगा त्यांना. माझं पटत नाही."

तो चाकू घेऊन आम्ही तिघं खाली गेलो. अब्बा मागच्या सीटवर अंग चोरून बसले होते. मी दार उघडून शेजारी बसले आणि सगळं सांगितलं.

"पोरीने शिकवून पाठवलंय तुला," ते म्हणाले.

"काका, पोरगी तुमची आहे, ती खोटं बोलेल. मला काय पडलंय? हा कापूर तुम्ही विकत घ्यायच्या आधीपासून मुठीत आहे. तुमची त्याला ओळखही नव्हती."

त्यांनी चाकू घेतला, नाकाशी नेला. मग मूठ चोळून पुन्हा हुंगली.

"म्हणजे मी नाय," ते म्हणाले. "चाकू चाललाय."

"तोही लगेच नाही. बाकीच्यांपासून लांब, कागदावर, उघडा ठेवा. ऊन नको, गॅस तर अजिबात नको."

"डब्यात कोंडला म्हणून बिघडला?"

"कोंडल्याने जास्त."

अब्बांनी बंद काचेकडे पाहिलं, मग पुढे बसलेल्या लेकीकडे. "रुबी, काच खाली कर. आणि तो वडेवाला दिसतोय तिथं चल. भूक लागलीय."

त्यांनी दोन वडापाव खाल्ले, वर मिरची मागितली. रुबीना त्यांच्याकडे पाठ करून डोळे पुसत होती. सावंत सरही वडा खात होते, लॅबमध्ये काम पडलेलं असताना.

घरात जुना चाकू असेल तर आधी मूठ हुंगून बघा. कापराचा वास आला तर तो चाकू एकटा आणि मोकळ्या हवेत ठेवा. आणि माणूस जेवत नसेल तर त्याला कशाची भीती वाटतेय ते विचारा. भीती ओळखायचं मशीन आमच्या लॅबमध्ये नाही.