पेन्सिलबाईंचे दोन कागद

आमच्या नोंदणी कार्यालयात पेन कुलपात ठेवणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे पेन्सिलबाई. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी त्यांच्या ताब्यात. मी समोरच्या टेबलावर एकोणीस वर्षं बसलो आणि त्यातली निदान दहा त्यांची टिंगल करण्यात घालवली.

कुणी आपल्या आजोबा-पणजोबांचा शोध घेत आलं की बाई रजिस्टर काढत आणि सापडेल ते एका कोऱ्या कागदावर शिसपेन्सिलीने लिहीत. मग म्हणत, "आता दुसरा कागद आणा." दुसरा म्हणजे वेगळ्या कचेरीतला, वेगळ्या माणसाने, वेगळ्या कारणासाठी लिहिलेला. शाळेचा दाखला, इस्पितळाचं रजिस्टर, काहीही चालेल. दोन्ही कागद एकच बोलले की बाई खणाचं कुलूप काढत, पेन घेत आणि पेन्सिलीवरून शाई फिरवत. तोवर समोरच्याने कितीही आदळआपट करो, त्या ढिम्म हलत नसत. चिडून लोक माझ्याकडे येत, आणि मी त्यांना दोन मिनिटांत मोकळं करी. मला वाटे, कार्यालय माझ्यामुळेच चाललंय.

हे वेड कुठून आलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मान खाली घालून टाचण्या निवडता निवडता. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एक बहीण हरवलेल्या भावाला शोधत आली होती. रजिस्टरात तेच नाव, तेच वय, मृत्यूची नोंद. बाईंनी सांगून टाकलं. बहीण रडली, भावाचे कपडे वाटून मोकळी झाली. दोन वर्षांनी भाऊ दारात उभा. "माझा कोट कुठाय, म्हणाला तो," एवढं बोलून बाई पुन्हा टाचण्यांकडे वळल्या.

पुढे ती घरबसल्या डीएनए तपासायची किट निघाली आणि आमच्याकडे गर्दी वाढली. नळीत थुंकायचं, डबी पोस्टात टाकायची, महिन्या-दीड महिन्याने मोबाइलवर खानदान हजर. त्या गर्दीत एक निवृत्त बस ड्रायव्हर आला. एकसष्ट वर्षांचा, बालगृहात वाढलेला. "मी जन्मल्या जन्मल्या टाकलेलं पोर," असं तो पुढचा थांबा सांगावा इतक्या सहज सांगायचा. त्याने दोन कंपन्यांची किटं वापरली होती. पहिलीने कळवलं, तुमचे पूर्वज एक्केचाळीस टक्के समुद्रकाठचे. पठ्ठ्याने लगेच होडीचं चित्र आणून भिंतीवर लावलं. दुसरीने तोच आकडा सतरावर आणला.

"दोन्ही वेळा तोंड तुमचंच होतं ना?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे सगळं थोतांडच म्हणा की," तो हिरमुसला.

"तसं नाही हो. हे टक्के म्हणजे अंदाज. ज्या कंपनीकडे जशी माणसं जमलीत, त्यांच्याशी ती तुम्हाला ताडून बघते. माणसं बदलली की आकडा बदलतो. पण तुमचं नि दुसऱ्या कुणाचं किती जुळतं, ते मात्र ही माणसं नीट मोजतात. फक्त ते नातं कुठलं, ते दुसरीकडे विचारावं लागतं."

जुळलं होतंच. याच शहरातल्या एका निवृत्त नर्सशी चोवीस टक्के. तिच्या लेकीने तिला हौसेने किट आणून दिलं होतं. बाई आत रजिस्टर काढत होत्या, तेवढ्यात ड्रायव्हरने मोबाइल माझ्यापुढे धरला. मी पहिली ओळ वाचली: 'बहुधा सावत्र बहीण.' उठून त्याचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "अभिनंदन! बहीण मिळाली तुम्हाला. बसलात काय, जा की भेटायला!"

तो गेला. नर्सबाईंच्या दाराची बेल वाजवली आणि त्या दार उघडतात न उघडतात तोच "ताई" म्हणाला.

तिसऱ्या दिवशी नर्सबाई आमच्या कार्यालयात. टॉवेलात गुंडाळलेली फ्रेम त्यांनी बाईंच्या टेबलावर ठेवली. आत त्यांच्या वडिलांचा फोटो, पंचवीस वर्षं हॉलमध्ये लावलेला. "या माणसाने माझ्या आईला फसवलं होतं का, तेवढं सांगा. मग मी हा परत लावायचा का ते ठरवीन." आवाज नर्सचाच होता, करडा, पण फ्रेमवरचा हात त्यांनी उचलला नाही.

बाईंनी त्यांच्या मोबाइलवरचा तोच निकाल बघितला, बोटाने पान खाली सरकवलं आणि माझ्यापुढे धरलं. पहिल्या ओळीखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'किंवा मावशी, आत्या, आजी.' सगळ्यांचे टक्के साधारण तेवढेच येतात. मी पान खाली सरकवलंच नव्हतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"फोटो इथं ठेवून जा," बाई म्हणाल्या. "पंधरा दिवस द्या मला."

ते पंधरा दिवस मी बघितलेत. रोज काम आटोपलं की बाई डबा पिशवीत टाकून निघत, कधी जुन्या इस्पितळाच्या तळघरात, कधी बंद पडलेल्या शाळेच्या कपाटांपुढे. परत येत त्या केसांत धूळ घेऊन. लाजेकाजेने मीही सोबत जाऊ लागलो. पहिला कागद मिळाला क्षयरोग्यांच्या इस्पितळाचा. ड्रायव्हर जन्मला नोव्हेंबरच्या अखेरीला, आणि नर्सबाईंचे वडील त्या वर्षीच्या जानेवारीपासून पुढचे चौदा महिने पुरुषांच्या वॉर्डात, बाहेर सोडायची मनाई. म्हणजे वडील सुटले. मी म्हणालो, "मग आई?" बाईंनी आमच्याच रजिस्टरातली दुसरी नोंद दाखवली. नर्सबाईंचा धाकटा भाऊ त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जन्मला होता. ऑगस्टमध्ये एक आणि नोव्हेंबरमध्ये दुसरं, असं कुठल्याही आईला जमत नाही.

घरात उरल्या दोन मुली. नर्सबाई तेव्हा आठ वर्षांच्या. थोरली सतरा. शाळेच्या हजेरीत थोरलीच्या नावापुढे जुलैपासून रेघ, जानेवारीत पुन्हा दाखल.

नर्सबाईंना वडील सुटल्याचं तेवढं सांगितलं, पण तारखा वाचून बाकीचं त्यांचं त्यांनीच ताडलं. "कावीळ झाली म्हणून ताईला मामाकडे पाठवलं होतं," त्या म्हणाल्या. "मी तिला पत्र लिहिलं होतं, बरी होऊन लवकर ये म्हणून." मग त्यांनी पदराने वडिलांच्या फोटोची काच पुसली आणि फोटो छातीशी धरून घरी नेला.

थोरली बहीण जिवंत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, एकटी, दोन गल्ल्या पलीकडे. ड्रायव्हर मात्र रोज येऊन आमच्या बाकावर बसायचा. "काय बाई, आहे ना ती बहीण?" बाईंचं उत्तर एकच, "अजून पेन्सिल आहे." माझी जीभ नुसती वळवळत होती. बाईंनी मला दरडावून सांगितलं होतं, "ज्या बाईने एकसष्ट वर्षं तोंड मिटून काढली, तिला आधी विचारायचं. त्याच्या हक्काचं आहे तसं तिच्याही हक्काचं आहे." माणूस म्हणून ही बाई माझ्याहून किती मोठी आहे, ते मला त्या दिवशी कळलं. सांगायला लाज कसली?

आम्ही दोघं गेलो. तिसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीशी शिवणयंत्र, बाजूला रंगाप्रमाणे लावलेली दोऱ्याची रिळं. बाईंनी कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि त्यावर खोडरबर.

"पेन्सिलने लिहिलंय," त्या म्हणाल्या. "नको असेल तर पुसून टाका. मी काही शोधलं नाही, तुम्ही काही वाचलं नाही."

थोरल्या बाईंनी कागद वाचला. रबर हातात घेतलं. ते त्यांनी बराच वेळ बोटांत फिरवलं. मग त्यांनी ते बाईंना परत दिलं आणि म्हणाल्या, "त्या नळीत थुंकायचं असतं म्हणे. आणलीय का?"

आणली होती. बाई कधीच अर्धवट तयारीने जात नसत.

निकाल आला तो पन्नास टक्क्यांचा. "याला मात्र दुसरं वाचन नाही," बाई म्हणाल्या. "पन्नास म्हणजे आई-लेकरू नाहीतर सख्खी भावंडं. भावंडं कागदांनीच खोडलीत, आणि आई कोण ते वयच सांगतं." त्यांनी खण उघडला आणि शाई फिरवली. मग ड्रायव्हरला बोलावून समोर बसवलं आणि आधी पाण्याचा पेला दिला.

त्याने आम्हाला सोबत नेलं. बत्तीस वर्षं घाटात बस चालवलेला माणूस, पण तीन मजल्यांत चार वेळा थांबला. आत गेल्यावर तो उभाच राहिला. थोरल्या बाईही उभ्या. इकडे मला रडू आवरेना, आणि ते दोघं एकमेकांना न्याहाळत होते.

शेवटी त्याच म्हणाल्या, "गुरुवारी झालास तू. दुपारी साडेचारला."

"बालगृहाच्या वहीत तीन दिवसांचा म्हणून लिहिलंय मला," तो कसंबसं बोलला.

"तीन नाही, सहा. सहा दिवस होतास तू माझ्याजवळ. सातव्या दिवशी नेलं तुला. अशक्त होतास, म्हणून त्यांना लहान वाटला असशील."

"सहा दिवस?" त्याने विचारलं. मग जमिनीवरच बसला आणि त्यांच्या गुडघ्याला धरून म्हणत राहिला, "सहा दिवस. सहा दिवस."

बाईंनी पर्समधून तो कागद काढला. खाली नवी ओळ लिहिली: 'सहा दिवस आईजवळ.' मी वाकून बघितलं. पेन्सिल नव्हती, थेट शाई होती.

"बाई," मी डोळे पुसत कुजबुजलो, "दुसरा कागद?"

"गप्प बसा हो," बाई म्हणाल्या आणि पेनचं टोपण लावलं.