विम्याची यादी आणि काकांचं गाऱ्हाणं

रत्नागिरीला समुद्र आहे, ही गोष्टसुद्धा आमच्या काकांनी स्वतः बोट बुडवून चाखून बघितल्यावरच मान्य केली असणार. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. इतका संशयी माणूस मी दुसरा पाहिला नाही. एसटीत चढण्याआधी ते पुढे जाऊन पाटी वाचायचे, मग ड्रायव्हरला विचारायचे, मग कंडक्टरला, आणि बसल्यावर शेजारच्या बाईला, "ही गाडी खेडलाच जातेय ना?" एकदा सगळ्यांनीच होय म्हटलं, तर "सगळे एकच बोलतायत, म्हंजे कायतरी हाय," म्हणून ते खाली उतरले आणि गाडी खरोखरच खेडला निघून गेली. बांगडे घेताना कल्ला उचलायचे बांगड्याचा, पण नजर कोळणीच्या तोंडावर. सरकारवर तर विशेष लोभ. त्यांचे वडील जाऊन किती वर्षं लोटली, तरी मतदारयादीत अजून होते. "मेलेली माणसं सरकारी यादीत जिती राहतात नि जित्यांची नावं गळतात," हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

मावशी काजूच्या कारखान्यात बिया फोडायची. चिकाने तिची बोटं सोलवटलेली असत आणि भट्टीच्या धुराने छाती भरलेली. ऐंशी सालानंतर कधीतरी कारखान्याला सरकारी आरोग्य विमा लागू झाला आणि मावशीच्या पगारातून वर्गणी कापली जाऊ लागली. पण ती विम्याच्या दवाखान्यात गेली तर खिडकीतून उत्तर आलं, "तुमचं नाव नाही." काका तडक विम्याच्या साहेबांपुढे उभे राहिले. साहेब म्हणाले, "सगळे कामगार नोंदलेत. तसं आम्ही वरती कळवलंय."

"सगळे म्हंजे कोन कोन?"

"ते सांगता येत नाही. यादी गोपनीय असते."

हा शब्द ऐकून काकांना मनापासून आनंद झाला असावा, कारण जन्मभराचा संशय सार्थकी लागला होता. "औषध घेणारीचं नाव गुपित कशापायी? तिचं काय लगीन ठरवायचं हाय?" ते घरी येऊन गरजले. मावशी हसली, मग हसण्याचा खोकला झाला आणि तो थांबेना. काकांनी उठून तिच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला.

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी आमच्या वाडीत आली. साहेब जवळच भाड्याने राहायचे, तेही दर्शनाला आले होते. आमच्याकडे पालखीपुढे गाऱ्हाणं घालतात. एकाने देवाला मागणं सांगायचं आणि जमलेल्यांनी दर वाक्याला होकार भरायचा. त्या वर्षी गुरवाला विनवून काकांनी ते स्वतःकडे घेतलं.

"बा देवा म्हाराजा, तुझी लेकरं तुझ्या पायाशी जमलीत..."

"व्हय म्हाराजा!"

"मुंबयला गेलेल्या चाकरमान्यांना सुखी ठेव..."

"व्हय म्हाराजा!"

"आनि विम्यात कोनाकोनाची नावं घातलीत, ती यादी हे सायेब दवाखान्याच्या भिंतीवर लावतील, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या शेवटच्या होकारात सगळ्यांत खणखणीत आवाज साहेबांचा होता. बिचारे मूळचे खेडकडचे. लहानपणापासूनची सवय, तोंडातून निघून गेलं. त्यांनी जीभ चावली, पण पालखीपुढे दिलेला शब्द मागे घ्यायची छाती कोणाची? आठवड्याभरात यादी भिंतीवर लागली. बिया फोडणाऱ्या बहुतेक बायका तिच्यात नव्हत्याच. त्या बायकांनी दवाखान्यापुढे असा काही गिल्ला केला, की पावसाच्या आत नवी यादी लागली आणि तिच्यात मावशी होती.

तिला औषध मिळू लागलं, बोटांना मलम मिळालं. काका मात्र रोज भिंतीपर्यंत जाऊन नाव जागेवर आहे ना, बघून यायचे. "रातोरात पुसतील. काय भरवसा?" मावशी मला म्हणायची, "मी समोर बसलेली दिसत न्हाय ह्यांना. भिंतीवरची बघून येतात."

औषध सुरू व्हायला उशीर झाला होता. मावशी फार वर्षं काढू शकली नाही. तो उशीर आठवला की माझं डोकं आजही तापतं.

ती गेल्यावर एकदा काकांबरोबर दवाखान्यावरून जात होतो. भिंतीवरच्या यादीत तिचं नाव तसंच होतं. मी म्हटलं, "काका, साहेबांना सांगायला हवं. नाव काढायचं राहिलंय."

काकांनी नेहमीच्या संशयाने आधी मागेपुढे पाहिलं. कोणी बघत नाही अशी खात्री झाल्यावर त्यांनी त्या नावावरून हळूच बोट फिरवलं.

"असू दे रे," ते म्हणाले. "सांगू नको कोनाला."